एकतीस नंबरचा पट्टा

"मामा, एकतीस नंबर बघा. गेल्या वेळी पुसट होता ना?" लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

जेलीमामांनी निळी जेली उजेडावर धरली. पट्टा ठसठशीत पांढरा होता. शेजारी गेल्या वेळचं उरलेलं रक्त लावलं होतं, त्याचाही तसाच.

ज्या एन्झाइमच्या जोरावर कॅन्सर आजूबाजूची वीण कुरतडत अंगभर पसरतो, ते रक्तात किती आहे, हे मामा जेलीवर दाखवत. जेली अठरा तास उबेत ठेवायची, मग निळ्या रंगात बुडवायची. एन्झाइमने खाल्लेली जागा पांढरी राहते. तीस वर्षं हेच केल्यामुळे लॅबमध्ये त्यांचं खरं नाव कुणाच्या ध्यानातही नव्हतं. सध्या या एन्झाइमला वेसण घालणाऱ्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. रक्ताच्या नळ्यांवर नावं नसत, नुसते नंबर असत. पण एकतीस नंबरचं कार्ड मामींच्या पर्समध्ये होतं.

पंधरा दिवसांपूर्वी पट्टा पुसट दिसला, तेव्हा मामांनी जिन्यातूनच ओरडून मामींना सांगितलं होतं, "लागू पडली गं गोळी!"

आता त्यांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : बारा तास. मामींना तपासणीला न्यायच्या घाईत जेली लवकर काढली होती. एन्झाइमला खायला वेळच मिळाला नव्हता. त्या दिवशी सगळेच पट्टे पुसट असणार. मामांनी पाहिला एकच. याच चुकीपायी त्यांनी कितीतरी नवशिक्यांना झापलं होतं.

"मॅडम, तो निकाल खोडा. चूक माझी आहे."

मॅडमनी वहीतल्या निकालावर रेघ मारली. मग म्हणाल्या, "घरी जा, मामा."

मामी खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. मामांनी वाटभर जुळवलेली वाक्यं दारातच विस्कटली.

"अगं, त्या दिवशी जेली मी... बारा तासांतच काढली."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"सकाळी साडेसातलाच दारात हजर होतात तुम्ही. आदल्या संध्याकाळी ठेवलेल्या जेलीचे अठरा तास कुठून भरणार? एवढी वर्षं ऐकतेय की मी."

"मग बोलली का नाहीस?"

"किती दिवसांनी पोटभर जेवलात हो. म्हटलं, राहू दे."

मामांना रडू आवरेना. मामींनी अर्ध्या शेंगा त्यांच्यापुढे सारल्या. पहिली शेंग मामांना काही केल्या उघडेना. मामींनी ती त्यांच्या हातातून घेतली, सोलली आणि दुसरी हातात दिली.