'हात' शब्दाखालची रेघ

गावप्रमुखाने भांडणाऱ्या दोन्ही गटांपुढे मैत्रीचा हात पुढे केला, एवढीच बातमी. पण योरुबात 'हात' लिहिताना ओच्या खाली छोटी उभी रेघ लागते. ती गेली की 'पैसा' होतो. इबादानमधल्या त्या ऑनलाइन वर्तमानपत्राच्या जाड मथळ्यातली रेघ स्वस्तातल्या फोनवर गायब झाली. प्रमुखाने पैसा पुढे केला, असं गावभर झालं. दुपारी त्याची माणसं कचेरीत येऊन खुर्च्या मोडून गेली.

संपादक ओयेलारन वर्तमानपत्राची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या अजिकेच्या टेबलापाशी आले. "आंटी, उद्यापासून बाहेरचा फॉन्ट लावा. मेलेल्या माणसाची अक्षरं आपल्यालाही घेऊन जातील."

"एक दिवस द्या, बाबा."

वर्तमानपत्राची अक्षरं तिच्या नवऱ्याने घडवली होती, लानरेने. एकाच फाइलमधलं अक्षर बारीकपासून जाडपर्यंत हवं तसं ताणता यावं, हा त्याचा ध्यास. शेवटच्या आजारातही त्याने ते काम सोडलं नाही.

अजिकेने अक्षर मोठं करून पाहिलं. रेघ जागेवरच होती. कुठल्याही जाडीत सुटू नये म्हणून लानरेने ती अक्षराच्या पोटात घुसवली होती; आणि त्या फोनमधला ब्राउझर दोन आकार एकमेकांवर आले की तेवढा भाग पांढरा सोडत होता, आणि जाड अक्षरात जवळजवळ अख्खी रेघ त्यातच जात होती. चूक लानरेची नव्हती. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. लोकांच्या फोनमधला ब्राउझर ती थोडीच दुरुस्त करणार होती!

तिने कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. 'इथे आकार एकमेकांवर आहेत' अशी खूण त्या स्क्रिप्टने प्रत्येक अक्षरात घातली. फोनने खुणेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता आकार एकजीव करणं, एवढंच उरलं. पण मग अक्षर ताणता येणार नव्हतं.

घरी सासू चुलीवर अमालासाठी कंदाचं पीठ घोटत होती.

"मामी, लानरेची अक्षरं गोठवावी लागणारेत. दोनच जाड्या राहतील. बाकीचं सगळं जाईल."

"त्यासाठीच तर तो दवाखान्यात लॅपटॉप मांडीवरून उतरवत नव्हता."

"माहितेय. मीच धरून बसायचे."

"मग मला कशाला विचारतेस, सूनबाई?" सासूने पळी आपटली. "माझा होकार हवाय ना? म्हणजे उद्या रडताना माझं नाव घ्यायला मोकळी!"



सकाळी अजिकेने दुसरी स्क्रिप्ट चालवली. बघता बघता सगळी अक्षरं एकजीव झाली. ओयेलारननी तोच स्वस्तातला फोन डोळ्यांजवळ नेला. "हात! हातच आहे! सुटलो!" माफीनाम्याच्या मथळ्यातही रेघ ठसठशीत उमटली, आणि प्रमुखाची माणसं पुन्हा आली नाहीत.

लानरे गेल्यापासून दिवसभरातलं सगळं ती मनातल्या मनात त्याला सांगत असे. त्या रात्री तिने काहीच सांगितलं नाही.