कोपरा उडालेली काचपट्टी

मी काचपट्टी बोलतेय, मरोळच्या एका लॅबमधली. कोपरा उडालाय माझा, पण जीभ शाबूत आहे.

माझ्यावर बोरीवलीच्या गुणाजी परबांच्या कंबरेच्या हाडातला मगज आहे. माणूस कंबरदुखीने वाकलेला, मूत्रपिंडं थकत चाललेली. रक्तातली प्रथिनं तपासली, लघवीत कागदाची पट्टी बुडवली, दोन्हीकडे काही सापडेना, म्हणून हाडात सुई घालून मगज काढला! गुणाजी वैतागले. "माका काय एक झाला नाय. ह्यो रिपोट इलो की मी गावाक चललंय."

सुईतून पहिल्यांदा ओढलं की खरा मगज येतो, पुढच्या खेपांना रक्तच जास्त. टेक्निशियन शिवदासने पहिला थेंब माझ्यावर घाईघाईत पसरला आणि त्यात माझा कोपरा टचकन उडाला. जांभळ्या रंगातून काढून त्याने मला बाजूला सारलं. धडधाकट बहिणी तेवढ्या पुढे गेल्या.

दुपारी डॉक्टर स्वरदाने त्या पाहिल्या. "नॉर्मलच वाटतंय यार," ती पुटपुटली. माझा जीव टांगणीला लागला. अगं बाई, मला बघ ना! तेवढ्यात गुणाजींच्या बायकोचा, सुगंधाबाईंचा फोन आला. एसटी गाठायला रिक्षा खाली उभी आहे, निघू का?

"थांबा जरा, मावशी." स्वरदा पुन्हा भिंगावर वाकली. "शिवदास, ह्यात मगजाचा कण नाही रे, नुसतं रक्त आहे. पहिल्या खेपेची पट्टी कुठाय?"

"कोपरा उडाला मॅडम, म्हणून..."

"अरे देवा! आण आधी."

भिंगाखाली मी उजळले. प्लाझ्मा पेशींची ही गर्दी, म्हणजे मगजातला कॅन्सर! प्रत्येकीचं केंद्रक एका कडेला ढकललेलं, शेजारी फिकट डाग. ह्या मेल्या प्रथिनाचे छोटे तुकडेच तेवढे बनवतात. हलक्या साखळ्या म्हणतात त्यांना. साध्या चाचण्यांतून त्या निसटतात आणि मूत्रपिंडात जाऊन साचतात.

"मावशी, रिक्षा सोडून द्या. काकांना आजच ॲडमिट करायचंय."

पलीकडे सुगंधाबाई हमसून रडल्या.

मग त्या साखळ्यांची खास चाचणी झाली, संशय खरा निघाला. उपचार सुरू आहेत. परवा गुणाजी स्वतः आले, भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ मला बघत राहिले. "हेच काय ते मेले?" एवढंच म्हणाले.

आता मी पेटीत पडून असते. उपचारांचा गुण आला का ते बघायला लवकरच त्यांच्या मगजाची नवी पट्टी माझ्या शेजारी येईल. शिवदास, बाबा रे, पहिला थेंब तिलाच दे. तिचा कोपरा उडाला तरी चालेल, पण तिच्यावर ही गर्दी नसू दे!