सदतीस फोन

ओमानमधल्या इब्राच्या बाजारात परवाना बघून काडतुसं देणारं एक दुकान होतं. त्याच्या काउंटरवर दापोलीकडचा महमूद सोळा वर्षं उभा होता. कुणाचा परवाना किती बंदुकांचा, कुणी किती पेट्या नेल्या ते रजिस्टरात लिहायचं, पोलिस आले की दाखवायचं आणि एरवी त्यावर तोंड उघडायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. शेजारच्या गिऱ्हाइकानं मान वाकडी करून बघितलं, तरी तो रजिस्टर मिटून घ्यायचा.

एके सकाळी नेहमीचे गिऱ्हाईक सालेम मास्तर आले आणि गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबले. त्यांना कुणा अनोळखी माणसाचा फोन आला होता: तुमच्याकडे दोन बंदुका आहेत, गेल्या महिन्यात चार पेट्या नेल्यात, आमची तिजोरी घ्या. मास्तरांची नोकरी मस्कतला. आठवड्यातले पाच दिवस घरी बायको नि मुली एकट्याच असत.

"माझ्या घरात काय आहे, ते तू कुणाला सांगितलंस?" त्यांनी शांतपणे विचारलं.

महमूदला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मास्तर गेल्यावर त्यानं मॅनेजर दयानंदला विचारलं. तो संगमेश्वरचा, चार महिन्यांपूर्वीच मस्कतकडच्या बौशरच्या ऑफिसातून आलेला. त्यानं काही लपवलं नाही. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून त्यानं तिजोऱ्या विकणाऱ्या एका कंपनीला पाठवले होते. बदल्यात ती कंपनी दुकानाची जाहिरात करणार होती. नुसती नावं नि नंबर तर आहेत, आजकाल सगळेच देतात, असं त्याचं म्हणणं.

"ही मोबाइलच्या दुकानातली यादी नाही, साहेब. कुठल्या घरात बंदूक आहे ते लिहिलंय हिच्यात. चोराला आणखी काय लागतं?"

महमूदनं रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दयानंदनं हात पुढे केला.

"पोलिसांनी मागितली तर देईन. तुम्हाला नाही."

"महमूदभाई, व्हिसा कुणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतंच. संध्याकाळी त्यानं गावी बायकोला, खैरुन्निसाला, फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काढलं तर या घरी. इथं काय तुम्हाला वाघ खातोय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो गेलेल्या पानांवरची नावं मोजली. सदतीस भरली. दयानंदच्या समोरच स्टुलावर बसून, आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत, तो एकेकाला फोन करू लागला. तुमचं नाव आमच्या दुकानातून बाहेर गेलंय, तुम्हाला विचारलं नव्हतं, चूक आमची आहे. कुणी शिव्या घातल्या, कुणी ऐकून घेतलं. दुकान बुडवायला निघालाय हा माणूस, म्हणून दयानंद ओरडत राहिला. महमूद पुढचा नंबर लावत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुकानाचे मालक, अर्बाब, आले. दुकानात मास्तर नि आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं आधीच येऊन बसली होती. अर्बाबनी सगळं ऐकलं आणि सर्वांसमक्ष दयानंदला त्या कंपनीला फोन करायला लावून यादी पुसून टाकायला सांगितलं. मंडळी गेल्यावर मात्र ते महमूदकडे वळले. तुझं बरोबर होतं, पण माझ्या दुकानाची अब्रू तू चव्हाट्यावर आणलीस. आता सगळ्यांना पुन्हा फोन कर, गैरसमज झाला म्हण, म्हणजे प्रकरण खलास.

"गैरसमज नव्हता, अर्बाब," महमूद म्हणाला. "असं मी सांगणार नाही."

आठवड्याभरात त्याची बदली झाली. मस्कतकडे, वादी अदाईत, अर्बाबचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं, तिथं. दयानंद इब्रालाच राहिला.

महिन्याभरानं मास्तरांचा फोन आला. लग्नाचे दिवस होते, बार उडवायला काडतुसं हवी होती. दुकानातली नावं आता दुकानातच राहतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"मी आता तिथं नाही, मास्तर. काउंटरवर विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय पेटीला हात लावू नका. आणि बाकीच्यांनाही सांगा."

मास्तरांनी सांगितलं. त्या मोसमात इब्राच्या दुकानात येणारा जो तो परवाना पुढे करण्याआधी तोच प्रश्न विचारी, आणि दयानंदला प्रत्येकाला, उभं राहून, उत्तर द्यावं लागे.