आबांच्या आतलं साटंलोटं

शेवयांचे तुकडे सांडावेत तशा त्या काळ्या काड्या — पण सांडलेल्या नव्हेत, कुणीतरी जोड्या जुळवून रांगेत मांडलेल्या... आणि शेवटच्या रांगेतली एक जोडीदारापेक्षा बुटकी. संघप्रिया त्या बुटकीकडेच बघत राहिली. तिच्या वडिलांच्या, आबांच्या कमरेच्या हाडातला मगज काढून मुंबईला पाठवला होता, त्यातल्या एका पेशीचा हा फोटो. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात पंखा कुरकुरत होता, खाली रिक्षावाले भांडत होते, आणि माणूस आतून असा दिसतो तर...

डॉक्टर श्यामलाबाई सांगत होत्या, ह्या काड्या म्हणजे गुणसूत्रं; नवव्या काडीचा शेंडा बाविसावीला जाऊन चिकटलाय, बाविसावीचा नववीला. रक्ताचे कर्करोग पुष्कळ. पण ही अदलाबदल सापडली म्हणजे कुठला ते पक्कं झालं, आणि नेमकी ह्याच्यावरच दोन-एक वर्षांपूर्वी गोळी निघालीय. गोळी — ह्या एका शब्दासाठी तिनं महिनाभर जीव मुठीत धरला होता.

"म्हंजे साटंलोटं की," आबा म्हणाले.

तिला हसू आलं, रडूही. गडमुडशिंगीत त्यांच्या घरात तेच तर झालेलं — तानाबाई आत्या मामाला दिली आणि मामाची बहीण, म्हणजे आई, इकडे आली. त्या अदलाबदलीतून मी झाले... आणि ह्या अदलाबदलीतून हे.

आबा आता जमिनीकडे बघत होते. "बाई, ह्ये माझ्या पोरीत उतरलंय व्हय? तिचं लगीन ठरलंय. आदी तेवढं सांगा. गोळीचं मागनं बघू."

श्यामलाबाई म्हणाल्या, नाही. हे आईबापाकडून आलेलं नाही, मुलांत जायचं नाही. कधीतरी, त्यांच्याच एका पेशीत दोन तुकडे तुटले आणि चुकून एकमेकांच्या जागी बसले. मग त्या एकीच्या लाखो झाल्या.

एका पेशीत! कुठल्या दिवशी? आबा उसाला पाणी पाजत असतील, किंवा तिला सायकलवर पुढं बसवून कळंब्याचं तळं दाखवायला निघाले असतील — घंटी वाजवत, काहीबाही बडबडत — आणि आत, डोळ्याला दिसणारही नाही एवढ्या जागी, हे घडून गेलं, आणि त्यांना साधी शिंकही आली नाही... एवढ्याशा माणसात केवढं चाललेलं असतं!

गोळी लागू पडेल का, हे श्यामलाबाईंनाही आज सांगता येत नव्हतं. आबा मात्र बरे झाल्यासारखे हसत होते. मगज काढण्याआधी महिनाभर ते तपासणी नको म्हणत होते, आणि सुईला भितात म्हणून तिनं चारचौघांत त्यांची थट्टा केली होती. भीती सुईची नव्हतीच... ती फोटो विसरून त्यांच्याकडे बघत राहिली, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.