खांदा, बरगड्या आणि मी

मित्रांनो, परसाच्या कोपऱ्यात ती काळी, पोट सुटलेली वस्तू दिसतेय ना? ती मीच. मी मांसाला धूर देणारी एक जुनी भट्टी आहे. दुकानात मला स्मोकर म्हणतात. घरात सगळे मला 'काळी' म्हणतात, आणि मला ते नाव आवडतं.

माझा पहिला जन्म एका लॉन्ड्रीतला. तिथे मी लोखंडी टाकी होते. लॉन्ड्री बंद पडली आणि मी मागच्या अंगणात गवतात लोळत पडले. मग या घरच्या आबांच्या वेल्डर मित्राने मला उचलून नेलं. त्याने मला आडवं पाडलं, पोट कापून झाकण बसवलं, आत वरखाली दोन जाळ्या लावल्या. एका बाजूला लाकडं जाळायची पेटी जोडली, दुसऱ्या टोकाला धुराडं. पेटीतली ऊब आणि धूर माझ्या पोटातून, मांसावरून फिरत फिरत धुराड्याने बाहेर पडतात. एवढंच माझं काम. वेल्डर मला थोपटून म्हणाला, "अंगाने बेढब आहे, पण कामाला वाघीण निघेल."

आबांचं डुकराच्या मांसाचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी ते घरी येताना खांदा, बरगड्या, पोटाचा चरबीदार तुकडा, पाठीचा पट्टा असं सगळं घेऊन यायचे आणि एकाच झाकणाखाली लावायचे. धूर भिंतीपलीकडे गेला की शेजारी काहीतरी निमित्त काढून डोकावायचे. कुणाला हातोडी हवी असायची, कुणाला मीठ. आबा हसायचे आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवायचे. फार मजेचे दिवस होते ते!

मग एका हिवाळ्यात आबांना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. वासाबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." तो काही आला नाही. आबांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं, माझ्यावर ताडपत्री टाकली आणि परसात खुर्ची मांडली ती माझ्याकडे पाठ करून. सुनेला म्हणाले, "भंगारवाला आला की देऊन टाक हिला."

"बघू," सूनबाई म्हणाली. ती शाळेची बस चालवते. नवरा जहाजावर, त्यामुळे घरात ती आणि सासरेच. भंगारवाला अनेकदा येऊन गेला, पण तिचं 'बघू' काही संपलं नाही.

मित्रांनो, रिकामं पडून राहणं वाईट. माझ्या अंगावर गंज चढला. एक बरं झालं, लाकडाच्या पेटीत शेजारच्या मांजरीने पिल्लं घातली. पिल्लं मोठी होऊन निघून गेली तेव्हा पेटी इतकी गार वाटली की काय सांगू!

एकदा मोठं वादळ आलं आणि घरावरचे पत्रे उडाले. गल्ली धावून आली. सुतारकाकांनी वासे ठोकले, पत्रेवाल्याने पत्रे बसवले, शिंपीणकाकू आणि समोरच्या नर्सबाईंनी भिजलेलं सामान वाळवलं. चहाशिवाय कुणी काही घेतलं नाही. तेव्हा सूनबाई सगळ्यांना म्हणाली, "रविवारी जेवायला यायचं. काय करू ते सांगा."

बोलून बसली आणि अडकली! सुतारकाकांना कवळी, म्हणून त्यांना मऊसूत खांदा हवा. पत्रेवाल्याला बरगड्या. शिंपीणकाकू म्हणाल्या, "मला आपला चरबीचा तुकडा." नर्सबाईंना चरबी नकोच, त्यांना पाठीचा पट्टा.

सूनबाईने ताडपत्री ओढली. तारेच्या ब्रशने मला घासघास घासलं, तेल चोपडलं आणि आधी रिकामंच तापवलं. माझ्या अंगात जीव आला! आबा पाठ करून बसले होते. त्यांची खुर्ची मात्र करकरली.

रविवारी सकाळी तिने चारही तुकडे एकदम आत ठेवले. पाठीचा पट्टा नेमका आगीच्या तोंडाशी. पेटीत लाकडं कोंबली, हवेची झडप अर्धी लावली. धुराड्यातून पांढरे लोट निघाले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण भट्टीला तोंड असतं ते फक्त धूर सोडायला.

तेवढ्यात आबांनी मान वळवली.

"सूनबाई, धूर पांढरा आहे. मांस कडू होईल."

"मग काय करू?"

"झडप उघड. दोन लाकडं बाहेर काढ. धूर बारीक, निळसर दिसला पाहिजे."

तिने तसं केलं. आबा उठून झाकणापाशी आले आणि आत बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "पट्टा आगीपाशी? त्याचं लाकूड होईल गं! काढ तो, फ्रिजमध्ये ठेव. खांदा इकडे लाव, त्याला ऊब सोसते. चरबीचा तुकडा वरच्या जाळीवर, बरगड्या त्याच्या खाली. वरची चरबी ठिबकेल, त्या कोरड्या पडणार नाहीत. पट्टा अगदी शेवटी."

"आबा, तुम्हीच करा ना."

आबांचा चेहरा पडला. "मला वास येत नाही. करपलं तरी कळायचं नाही."

"वास मी घेते," सूनबाई म्हणाली. "तुम्ही बघा, हात लावा, ऐका. आपल्या दोघांचं मिळून एक अख्खं माणूस होईल की!"

आबा हसले नाहीत, पण बाह्या मात्र वर केल्या आणि मांसाला चोळायचं मीठ-तिखट स्वतः कालवलं.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग खांदा अडून बसला. त्यात खुपसलेल्या तापमापकाचा आकडा हलेचना. सूनबाई घाबरली. "पाहुणे येतील! लाकडं वाढवू?"

"अजिबात नको. खांदा असाच रुसतो. त्याच्या मागे लागलं की वातड होतो. तू नाक लाव, मी कान लावतो."

आणि खरंच, दोघं माझ्या झाकणाशी वाकून उभे राहिले! ती म्हणाली, "गोडसर वास येतोय." ते म्हणाले, "चरबी शांतपणे ठिबकतेय. चांगलं आहे."

पाहुणे आले तरी खांद्याचा रुसवा गेला नव्हता. आबांनी पाहुण्यांना आधी बरगड्या दिल्या, मग चरबीचा तुकडा, मग रसरशीत पट्टा. सुतारकाका बिचारे रिकामी ताटली घेऊन माझ्याभोवती घिरट्या घालत होते. अखेर आबांनी खांद्याच्या हाडाला हात घातला आणि हाड अलगद सुटून बाहेर आलं. टाळ्याच पडल्या! मऊ मांसाच्या पहिल्या घासाला सुतारकाकांनी डोळे मिटले.

मग आबांनी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. आबांनी सावकाश चावून गिळला.

"नाही. काही कळत नाही," ते म्हणाले.

सूनबाईने मान खाली घातली. पण आबांनी शिंपीणकाकूंकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. कसा लागतो?"

"कसा म्हणजे... बाहेरून खारट, आत गोड."

"गोड कुठला? तिखट आहे!" पत्रेवाला म्हणाला.

"आधी गोड, मागून तिखट," नर्सबाई म्हणाल्या. "आणि धूर सगळ्यात शेवटी."

जोरात भांडण जुंपलं. आबा एकेकाचं तोंड बघत ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता पोट धरून हसायला लागले. म्हणाले, "अरे, मिठात साखर घातली होती मी! म्हणजे बरोबर जमलंय!"

मित्रांनो, आबांचा वास अजून परत आलेला नाही. पण मी मात्र दर काही रविवारांनी पेटते. तुमच्याकडेही एखादी वस्तू झाकून पडली असेल, तर टाकून द्यायच्या आधी एकदा घासून बघा. माझ्यासारख्या भट्टीतली राख त्याच दिवशी काढा, ओली राख आम्हाला आतून खाते. आणि घरातल्या कुणाचं काही हरवलं असेल, तर त्याच्या वाट्याचं सगळंच काम काढून घेऊ नका. त्याला हाक मारा, सल्ला विचारा, आणि भांडणार असाल तर त्याच्या समोर, मोठ्याने भांडा.