गलबताची मांजर

सन सव्वीसच्या आगोटीला, पाऊस तोंडावर आला तेव्हा, रावजी तांडेलाचं गलबत केळशीच्या खाडीत ओढून वर घेतलं. आम्ही खलाशांनी ते माडाच्या झापांनी शाकारलं आणि आपापल्या घरी गेलो. गलबतावरची मांजर मागे राहिली. माल उतरला, उंदीर गेले, तिचं काम संपलं. तिला मारलं कोणी नाही. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते. टाकून यायला काही लागत नाही.

चार दिवसांनी माझी बायको राही तिला पदरात गुंडाळून घेऊन आली. कुत्र्यांनी मागचा पाय फाडला होता. राहीने हळद आणि खोबरेल लावलं, पेजेचं पाणी बोटाने चाटवलं.

"मरेल ती," मी म्हटलं.

"मग घरात मरू दे."

त्या चैत्रात आमचं पहिलं मूल तिसऱ्या दिवशी गेलं होतं. मी तेव्हा मंगळूरला कौलं भरत होतो. पाळणा आढ्याला तसाच टांगलेला होता, राही सोडू देत नव्हती. मांजर वाढली होती समुद्रावर. खालची जमीन हलत नाही म्हणून तिला झोप येईना, नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. शेवटी राहीने तिला पाळण्यात ठेवलं आणि दोरी ओढली. ती झोपली.

शेजारची मालन दारातून डोकावली. "काय गो, बारसं कधी?"

राही दोरी ओढत राहिली. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पाऊसभर मांजर आमच्याकडे राहिली. पाय भरून आला, अंगाने जड झाली. मला वाटलं, पेज मानवली. नारळी पौर्णिमा जवळ आली तसा मी दिवसचे दिवस गलबताच्या डागडुजीला असायचो. घरात काय चाललंय ते बघत नव्हतो.

रावजीचा एक नेम होता. गलबतावरून जितके जीव उतरले तितकेच पुन्हा चढले पाहिजेत. तेही तेच जीव. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. त्याने सगळ्यांना मोजलं आणि माझ्याकडे वळला.

"अकरा माणसं झाली. बारावी तुझ्या घरी आहे."

"गावात मांजरं काय कमी आहेत, तांडेल? दुसरी आणतो."

"दुसरी उतरली होती काय रे, दादू? तीच आण. नाहीतर तूही राहा घरी. बायकोबरोबर पाळणा हलव."

सगळे हसले. मला शेत नव्हतं. गलबत गेलं की वर्ष गेलं.

घरी आलो तर राही माळ्याच्या शिडीला टेकून उभी होती. मांजर तिच्या पायाशी होती.

"दोन दिवस थांबा," ती म्हणाली. "मग मीच आणून देते."

"ओहोटी थांबते काय? आणि दोन दिवसांत काय होणार आहे?"

तिने तेव्हा काही सांगितलं असतं तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला म्हणत आलो. ते खरं नाही. मांजर उचलताना माझा हात तिच्या पोटाखाली गेला आणि ओला झाला. दूध होतं. मला कळलं. मी हात धोतराला पुसला, तिला टोपलीत घातलं आणि वरून काथ्या आवळला.

खाडीच्या तोंडाशी रावजीने टोपली उघडली आणि "बारा" म्हणाला. मांजर गलबताच्या काठावर चढली. एकदा गावाकडे बघितलं आणि तिने उडी टाकली. मी गलबतामागची होडी सोडायला धावलो. रावजीने माझ्या छातीवर हात ठेवला.

"ओहोटीत गलबत फिरत नाही. खाली बस."

ती पोहत होती. तोंड गावाकडेच होतं. दोन लाटांमध्ये डोकं दिसायचं, मग थोड्या वेळाने दिसेनासं झालं. रावजीने सगळ्यांना शपथ घातली की ही गोष्ट गावात कोणी काढायची नाही.

शिमग्याला घरी आलो तेव्हा आढ्याला पाळणा नव्हता. राहीने जेवायला वाढलं आणि मग सांगितलं. माळ्यावर सरपणाच्या फाट्यांमागे तीन पिल्लं होती. मी मांजर नेली त्या दिवशी त्यांचा तिसरा दिवस होता.

"पाचवी होईपर्यंत त्यांचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुमच्याकडेही नाही. आपलं तिसऱ्याच दिवशी गेलं ना."

"मग?"

"वातीने दूध पाजलं. दोन लगेच गेली, एक नऊ दिवस राहिलं."

ती माझ्या पानात भात वाढत होती. भात वाढून झाल्यावर तिने विचारलं, "आणि ती?"

"आहे," मी म्हटलं. "एक उंदीर ठेवत नाही."

"बरं झालं," राही म्हणाली. "एक तरी."

आगोटीला गलबत वर घेतलं तेव्हा मी राहीला सांगितलं, पावसाळ्यात मांजर मंगळूरच्या वखारीत उंदरांवर असते. पौर्णिमेला निघताना तिने फडक्यात सुके बोंबील बांधून माझ्या हातात दिले. तिला द्या म्हणाली. खाडीच्या तोंडाशी मी फडकं सोडून ते पाण्यात टाकले. दरवर्षी तिने बांधले, दरवर्षी मी टाकले. खरं सांगायचं प्रत्येक शिमग्याला ठरवायचो.

सन छत्तीसला पुरचुंडी बांधता बांधता ती थांबली.

"आता म्हातारी झाली असेल."

"झाली."

"दात आहेत?"

"थोडे."

ती उठली आणि बोंबील उखळात घालून बारीक कुटू लागली.