लाल निशाण खाली असताना

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची टपालपेटी आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, नदीवरच्या पुलापासून दुसऱ्या वळणावर, रस्त्याच्या कडेला लाकडी खांबावर मी उभी असते. माझ्या उजव्या कुशीला एक लाल निशाण आहे. घरच्यांना पत्र पाठवायचे असले की ते माझ्या पोटात पत्र ठेवतात आणि निशाण उभे करतात, म्हणजे टपालवाली गाडी थांबवते. ते निशाण मला स्वतःला हलवता येत नाही. एवढे लक्षात ठेवा, कारण माझे सगळे भय तिथेच आहे.

मला ओडेट रॉयेर या बाईंच्या नवऱ्याने इथे बसवले. ते वारले त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. ओडेटबाई दर वसंतात मला ओल्या फडक्याने पुसायच्या. माझ्याजवळ उभ्या राहूनच त्या पत्रे मोठ्याने वाचायच्या, म्हणून त्यांच्या लेकीची बाळंतपणे मला ठाऊक आहेत आणि बियाणांच्या सूचीतली टोमॅटोची नावेही. मी दोन गोष्टींना भीत असे. पोरे धावत्या गाडीतून बॅटने पेट्या ठोकतात, ती एक. हिवाळ्यात बर्फ लोटणारी गाडी येते, ती दुसरी.

तिसरे भय वेंडेल स्टॅकपोलबरोबर आले. वेंडेल नदीपलीकडचा, न्यू हॅम्पशायर राज्यातला. कललेले जुने गोठे जॅक लावून सरळ करायचे, हा त्याच्या कंपनीचा धंदा. आमच्या समोरच लीलंड क्विंबीचा दुमजली गोठा होता. त्याच्या पायाचे लाकडी तुळवट कुजले होते. वेंडेलने ते काम घेतले. पण दुसऱ्या राज्यातल्या कंपनीला इकडे काम करायचे तर इकडच्या राज्यात नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो, आणि त्या कागदावर अशा कंपनीला ‘परकी’ म्हणतात.

वेंडेल माझ्यापाशी उभा राहून कुरकुरत होता, “मी परका? मावशी, पूल ओलांडून मी तुमच्याकडे पाव घ्यायला येतो!”

ओडेटबाई म्हणाल्या, “पाव खाणारा परका नसतो रे, हातोडी आणणारा असतो. मला काय करायचंय ते सांग.”

करायचे एवढेच होते. कंपनीला नदीच्या या काठी एक पत्ता हवा होता. टपाल कचेरीतला खण चालत नव्हता. खरा रस्ता, खरे घर आणि दिवसा घरी असणारे माणूस हवे. सरकारी कागद त्या माणसाने घ्यायचा आणि मालकाला पोचवायचा. ओडेटबाईंनी सही केली. त्या दिवसापासून मी एका कंपनीचे दार झाले.

दोघांनी खूण ठरवली. राज्याच्या शिक्क्याचे पत्र आले की ओडेटबाई माझे निशाण उभे करतील. वेंडेल रोज इथूनच गोठ्यावर जायचा, तो बघून थांबेल. टपालवाली जॉइस मात्र चिडली. “फुकट थांबवता होय मला? आता निशाण उभं दिसलं तरी मी आधी तुमच्या खिडकीकडं बघणार!”

गोठा दिवसाला अर्धा इंच वर चढत होता. “घाई केली तर लाकूड ओरडतं,” वेंडेल म्हणायचा. हिवाळा आला तेव्हा अख्खा गोठा लाकडी चौकटींवर अधांतरी होता. आत चाळीस गाई होत्या.

आणि ओडेटबाईंच्या बहिणीचा क्विबेकहून निरोप आला. ती आजारी होती. ओडेटबाईंनी पिशवी भरली आणि वेंडेलला फोन केला, “आठवड्यात येते.” आठवड्याचे दोन महिने झाले.

नवीन वर्षात ते पत्र आले. पाकिटावर शिक्का होता. अशा पत्राबद्दल ओडेटबाईंनी बजावलेले मला आठवत होते, “साठ दिवसांत उत्तर गेलं नाही तर परवाना रद्द. मग या काठावर वेंडेलला खिळा मारता येणार नाही.” पत्र माझ्या पोटात होते. घरात कोणी नव्हते.

वेंडेल रोज जायचा. रोज माझ्याकडे बघायचा. निशाण खाली, म्हणजे पत्र नाही, असे समजून पुढे जायचा. ओडेटबाई आठवड्यात परतल्याच असतील, असे त्याने धरले होते. निशाण उभे करणारे माणूसच घरी नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नाही! मित्रांनो, तो हात उंचावून मला रामराम करायचा, आणि माझा पत्रा गारठून जायचा. रात्री वारा सुटला की समोरच्या गोठ्याची लाकडे करकरत. मला वाटे, काम थांबले आणि तो असाच अधांतरी राहिला, तर?

असे आठवड्यांमागून आठवडे गेले. एके दुपारी जॉइसने माझ्यात आणखी एक सूची कोंबली. “कुठं उलथली ही ओडेट? उद्या सगळं गोळा करून कचेरीत नेते. सरकारी कागद आला तिथं परत.”

परत! म्हणजे राज्याला कळणार, या पत्त्यावर कोणी राहतच नाही.

त्या रात्री बर्फ कोसळले. पहाटे बर्फ लोटणारी गाडी घरघरत आली. तिचे पाते वळणावर माझ्या बाजूला सरकले. खांब कडाडला. मी उडाले आणि ढिगात पडले. मला वाटले, संपले. आता पत्रही पुरले गेले.

पण आदळताना माझे निशाण उलटे फिरले होते. पांढऱ्या ढिगातून तेवढे एक लाल बोट वर आले होते.

वेंडेलची गाडी थांबली. “मावशीनं निशाण उभं केलं वाटतं!” तो हसत उतरला. मग त्याने घराकडे पाहिले. धुराड्यातून धूर नव्हता. दारापर्यंत पावले नव्हती. त्याचे हसू मावळले. त्याने मला हातांनी उकरले, गोठलेले झाकण पान्याने उघडले आणि पाकीट फाडले. कंपनीचा वर्षाचा अहवाल इकडच्या राज्याला मिळाला नाही, असे त्यात लिहिले होते. तो अहवाल त्याने आपल्या राज्यात भरला होता आणि तोच इकडेही चालतो असे समजून बसला होता.

“लीलंड!” तो ओरडला. “पाच दिवस उरलेत फक्त! आज जॅकला कुणी हात लावू नका. मी राजधानीला निघालो.”

“आणि वारा सुटला तर?” क्विंबीचा आवाज चिरकला.

“गाईंशी गप्पा मार. मी आलोच!”

दिवसभर मी बर्फावर आडवी पडून करकर ऐकत होते. अंधार पडताना गाडी परतली. वेंडेलने खिडकीतून शिक्का मारलेला कागद हलवला. क्विंबी ते गाईंना सांगायला गोठ्यात धावला.

वसंतात गोठा नव्या पायावर उतरला, आणि वेंडेलने मलाही नव्या खांबावर बसवले. ओडेटबाई परतल्या, हकीकत ऐकून त्यांनी माझी चेपलेली कूस ओल्या फडक्याने पुसली. मग त्यांनी परवान्याच्या कागदावर आपल्या जागी, सदा गाईंपाशी असणाऱ्या क्विंबीचे नाव लिहायला लावले.

माझी एक कड कायमची वाकली आहे. थंडीत दुरून घरघर आली की अजून मी थरथरते. पण तुम्हांला एवढेच सांगते, आपले दार दुसऱ्याच्या भरवशावर ठेवले असेल, तर तो घरी आहे ना, हे अधूनमधून विचारत जा.

आता माझ्यावर कंपनीचा पत्ता नाही. तरी वेंडेल जाता-येता थांबतो. निशाण खाली असले तरी झाकण उघडतो आणि आत हात घालून बघतो.